कात्रणाखाली दाखला: ईबी-१एच्या फाइलची तयारी

पासपोर्ट, पदव्या, बायोडेटा हे सांगायला नको. ईबी-१ए म्हणजे आपल्या क्षेत्रात असामान्य क्षमता असलेल्यांसाठी अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची वाट. तिचा अर्ज आपला आपण भरता येतो, नोकरी देणारा कुणी लागत नाही, हेही ठाऊक असेलच. पहिल्यांदा आय-१४०, म्हणजे त्या अर्जाचा फॉर्म, भरला तेव्हा मलाही सगळं ठाऊक होतं. नामंजूर झाला.

म्हणून कात्रणांपासून सुरू करा. माझं काम द्राक्षावरच्या भुरी रोगाचं, आधी नाशिककडे, आता कॅलिफोर्नियात. माझ्याविषयी छापून आलं ते बहुतेक मराठीत. बाबांनी प्रत्येक बातमी कात्रीनं सुबक कापून लॅमिनेट करून ठेवलेली. इतकी सुबक, की वरची तारीख गेली आणि पेपरचं नावही गेलं. आपल्याविषयी छापून आलेला मजकूर हा ईबी-१एचा एक निकष, आणि त्याला मथळा, तारीख आणि लेखकाचं नाव लागतं, नियमातच तसं आहे. आपल्याकडे लेखकाच्या जागी नुसतं 'प्रतिनिधी' असतं! तेव्हा अख्खं पान मिळवा, आणि बातमी कुणी लिहिली, पेपरचा खप किती, याचं पत्र पेपरच्या कचेरीतून आणा. बातमी तुमच्याविषयी हवी. मेळाव्याच्या बातमीत शेवटी 'यांचीही उपस्थिती होती' असं आलं असेल तर ती घरीच ठेवा.

आता भाषांतर. मी चार ओळींचा सारांश जोडला होता. सारांश चालत नाही, पूर्ण मजकुराचं पूर्ण भाषांतर लागतं. आणि त्याखाली भाषांतर करणाऱ्याचा दाखला: हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मराठीतून इंग्रजीत भाषांतर करायला मी सक्षम आहे. खाली सही, नाव, पत्ता, तारीख. नोटरी लागत नाही. दोन वाक्यांचं काम म्हणून मी ते मागे ठेवलं आणि मागेच राहिलं. कात्रणाखाली भाषांतर, भाषांतराखाली दाखला, दाखल्याखाली सही. भाषांतर स्वतः करू नका, इंग्रजी कितीही फर्डं असलं तरी.

निकष दहा, त्यातले किमान तीन हवेत. नोबेलच्या तोडीचा एखादा पुरस्कार असेल तर तो एकटा पुरे, पण मग तुम्ही हे वाचत नसता. दहाही भरायच्या नादी लागू नका. वर्गणी भरून मिळालेलं सभासदत्व धरत नाहीत. ते कामगिरी पाहून, जाणकारांनी निवडून दिलेलं असावं. दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासल्याचा पुरावा म्हणून नुसतं निमंत्रणाचं ईमेल पुरत नाही, तपासणी केल्याचं संपादकांचं पत्र घ्या. पुरस्काराबरोबर तो कोणत्या निकषांवर देतात याचा कागद जोडा. मानपत्र मराठीत आहे? मग भाषांतर, दाखला, सही.

तीन निकष बसले म्हणजे झालं, असं समजू नका. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाच्या २०१० च्या काझारियन निकालापासून दोन टप्पे आहेत. आधी निकष मोजतात, मग सगळी फाइल एकत्र पाहून ठरवतात, की हा माणूस खरंच आपल्या क्षेत्रातल्या वरच्या मोजक्यांपैकी आहे का. मूळ योगदान 'मोठ्या महत्त्वाचं' असणं हा पहिल्या टप्प्यातल्या दहांपैकीच एक निकष, आणि तो दाखवायला जाणकारांची शिफारसपत्रं कामी येतात. 'अमुक शास्त्रज्ञ अत्यंत हुशार व कष्टाळू आहेत' हे शाळा सोडल्याच्या दाखल्यात शोभतं. पत्रात हवं ते हे: त्यांची पद्धत आम्ही कुठे वापरली, त्यानं काय बदललं. निम्मी पत्रं तरी तुमच्याबरोबर कधी काम न केलेल्यांची घ्या. सगळ्यांना एकच मसुदा पाठवलात तर पाचही पत्रांत तीच विशेषणं येतात आणि ते लगेच कळतं. माझं सगळ्यात वजनदार पत्र बागायतदारांचं होतं, फवारण्या किती वाचल्या त्याच्या आकड्यांसकट. मराठीत. दाखला नव्हता. आणखी काय सांगू.

अमेरिकेत हेच काम पुढे करणार आहात याचा पुरावा: करार, पत्रं, नाहीतर स्वतःचं निवेदन. पगाराचा निकष संशोधकांनी सोडून द्यावा.

मग फॉर्मची चालू आवृत्ती, फी, सही. सगळ्याची एक प्रत घरी. जादा फी भरून प्रीमियम, म्हणजे जलद निकाल, घेणाऱ्यांना कामाच्या १५ दिवसांत उत्तर येतं, पण ते उत्तर म्हणजे आणखी पुरावे मागणारं पत्रही असू शकतं. तसं आलं तर जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात आणि उत्तर एकदाच द्यायचं. मी अर्धं पाठवलं, उरलेलं मागाहून पाठवू म्हणून. आलेल्या अर्ध्यावरच निकाल लागला.

मंजूर झालं तरी भारतात जन्मलेल्यांना ग्रीन कार्डासाठी रांग आहेच. तो वेगळा विषय.

पाकीट बंद करण्याआधी दाखले मोजा. मराठी कागद सात तर दाखले सात. माझ्या टेबलावर आत्ता सहा आहेत. सातव्यावर सही व्हायचीय, आणि भाषांतर करणाऱ्या बाई भाचीच्या लग्नाला सांगलीला गेल्यात.