फायबर तुटलं तरी घरचं नेट चालू ठेवा

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे रस्ता खोदला की फायबर तुटायची धास्ती असतेच. त्यासाठी दुसरं महागडं कनेक्शन नको. राउटरला यूएसबी पोर्ट आणि ‘ड्युअल वॅन’ची (एकाच राउटरला दोन नेट कनेक्शन जोडायची) सोय असेल तर ४जी डोंगल (सिम घालायची नेटची छोटी स्टिक) लावा, किंवा जुना अँड्रॉइड फोन यूएसबी टेदरिंगवर (फोनचं नेट वायरने राउटरला देऊन) जोडा. सेटिंगमध्ये फायबर प्रायमरी, सिम सेकंडरी, मोड ‘फेलओव्हर’, म्हणजे एक बंद पडलं की दुसरं सुरू. सिम मात्र फायबरवाल्याच कंपनीचं घेऊ नका, नाहीतर दोन्ही एकदम बसतील. मग फायबरची वायर काढून बघाच: नेट आपोआप सिमवर आलं पाहिजे. फोन सतत चार्जिंगला राहिला तर बॅटरी फुगू शकते, अधूनमधून तपासा. वीज गेली तर? ओएनटी (फायबरची वायर जिथे येते तो डबा) आणि राउटर, दोघांनाही मिनी यूपीएस लागेल. घेण्याआधी दोघांच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, यूपीएस तेवढेच व्होल्ट देणारा हवा.