बांधकामाच्या साइटवर कोरडा दिवस कसा पाळाल

मी आशा कार्यकर्ती. माझ्या भागातल्या मुकादमांना सांगते, डेंग्यूचा डास वाढू नये म्हणून कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठवलेलं पाणी रिकामं करायला आठवड्याचा एक वार ठरवा. पगाराचा असेल तर उत्तम, सगळे हजर असतात. त्या दिवशी पिंपं रिकामी करून आतून काथ्याने खसाखसा घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही: डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. अंड्याचा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवडा चुकवू नका. लिफ्टच्या खड्ड्यात, स्लॅबवर क्युरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवायला) साठवलेल्या पाण्यातही डोकावा. जिथलं पाणी काढता येत नाही तिथे गप्पी मासे सोडा. मजुरांच्या खोल्यांतले हंडे जुन्या सुती साडीने घट्ट बांधा. हा डास दिवसा, ऐन कामाच्या वेळी चावतो. ताप आला तर रक्त तपासा. ॲस्पिरिन अजिबात देऊ नका.