रानडुकरासाठी झटका मशीन: कुंपण कसं बांधायचं आणि ते कुठे फसतं

विदर्भात जंगलाला लागून असलेल्या गावांत ज्वारी आणि भुईमूग कमी होत गेला, त्यात रानडुकरांचा वाटा मोठा आहे. ज्वारी सुटली की घरची भाकरीही जाते आणि बैलांचा कडबाही. मग दोन्ही विकत घ्यावं लागतं. वर रात्रभर जागल आहेच.

यावर उपाय म्हणजे झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून-थांबून विजेचा झटका सोडणारं यंत्र. पण सर्वांत आधी एक गोष्ट. मेन लाइनवर आकडा टाकून तारेत करंट सोडू नका. 230 व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो, त्याला चिकटलेला प्राणी किंवा माणूस सुटत नाही. अशा तारांवर वाघ मेले आहेत, पाणी द्यायला निघालेले शेतकरीही. झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ झटका देतं. व्होल्टेज हजारांत असतं, पण मधल्या वेळेत अंग मोकळं होतं. डुक्कर घाबरतं, मरत नाही.

एका चौकोनी एकराचा घेर सुमारे 255 मीटर भरतो. तीन पदरी तारेला 765 मीटर तार लागते, म्हणजे अडीच मिलिमीटर जाडीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार जवळपास 30 किलो. चार मीटरवर एक धरला तर खांब 64. चार एकरांचा एकच चौकोन केला तर घेर फक्त दुप्पट होतो, म्हणून शेजाऱ्याशी बोलून एकत्र कुंपण करा. एकरी तार निम्मी लागते.

डुक्कर खालून नाक घालून घुसतं, म्हणून सगळं सर्वांत खालच्या तारेवर अवलंबून आहे. ती जमिनीपासून 20 सेंटिमीटरवर, दुसरी 45 वर, तिसरी 70 वर ठेवा. रोही (नीलगायी) येत असतील तर 110 आणि 150 सेंटिमीटरवर आणखी दोन पदर हवेत. धुऱ्यावर (बांधावर) खड्डा किंवा नाली असेल तिथे तार उंच राहते आणि डुक्कर नेमकं तिथूनच आत येतं. अशा जागी जास्तीचा खांब रोवून तार खाली ओढून घ्या. कोपऱ्यांवर जाड खांब आणि तिरका टेकू लावा. बांबूला तार थेट गुंडाळू नका, ओल्या बांबूतून करंट जमिनीत उतरतो. प्रत्येक खांबावर इन्सुलेटर हवाच.

बहुतेक कुंपणं अर्थिंगमुळे फसतात. सहा फुटी जीआय पाइप तीन, एकमेकांपासून दहा फुटांवर, पूर्ण ठोकून एकाच तारेने जोडा. घरच्या लाइटच्या अर्थिंगपासून ते लांब ठेवा. पावसाळ्यात छान चालणारं कुंपण हरभऱ्याच्या वेळी ढिलं पडतं, कारण जमीन वाळलेली असते. पाइपांजवळ आठवड्याला पाणी ओता. मशीनपासून सर्वांत लांबच्या टोकाला टेस्टर लावून पाहा. चार हजार व्होल्टच्या खाली आलं तर आधी गवत शोधा. खालच्या तारेला टेकलेलं ओलं गवत झटका खाऊन टाकतं, म्हणून तारेखालचा पट्टा पूर्ण हंगाम साफ ठेवावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

कुंपण पेरणीच्या दिवशीच चालू करा. मक्याचं आणि भुईमुगाचं बियाणं डुकरं पेरलेल्या रात्रीच उकरतात, आणि एकदा चव लागलेलं डुक्कर झटका सोसूनही घुसतं. मशीनच्या सोलर पॅनेलवरची धूळ पुसा, विजा कडाडायच्या आधीच मशीन तारेपासून सोडवा, आणि वाटेच्या बाजूने सूचनेचे फलक लावा.

तरीही पीक गेलं तर लगेच आवरासावर करू नका. तुडवलेलं पीक, माग आणि उकरलेली माती यांचे फोटो काढा. तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात भरपाईसाठी अर्ज द्या, सोबत सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत. अडलं तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा आणि नुकसानीचं क्षेत्र गुंठ्यांत मोजून लिहून घ्या, नुसतं ‘अंशतः’ लिहू देऊ नका. खरीप 2026 पासून पीक विम्यातही वन्यप्राण्यांचं नुकसान घेण्याची तरतूद आहे. त्यासाठी 72 तासांत पीक विम्याच्या ॲपवर फोटोसह कळवावं लागतं, आणि तुमचा जिल्हा आणि तो प्राणी राज्याने अधिसूचित केलेला असावा लागतो. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची मोबाइलवरून नोंद, मात्र आधीच करून ठेवा. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर कोणताही दावा तिथेच अडतो.