मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर आणि उड्डाणाचे तास कसे काढावेत

अंतर काढायला पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, ती चुकीची वाट दाखवते. दोरा मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलंड असा वर चढून मग खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर.

आता बरेच जण या आकड्याला ताशी ९०० नं भागतात आणि चौदा तास सांगून मोकळे होतात. त्यावर विसंबू नका. वरच्या हवेत वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना विमानाला वाऱ्याशी झुंजावं लागतं आणि येताना तोच वारा ढकलतो. शिवाय कधी वाटच बदलते: एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडला. खरे तास तिकिटावरूनच काढा.

इथंच गोंधळ होतो. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते, त्यामुळे सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ थेट वजा करायची नाही, कधीच नाही. समजा, जुलैत विमान मुंबईहून रात्री १:३० ला सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी ७:५५ ला न्यूयॉर्कला पोहोचतं. वजाबाकी साडेसहा तासही भरत नाही! मी तिकिटाची प्रिंट घेते आणि परदेशातल्या प्रत्येक वेळेशेजारी पेन्सिलीनं भारतीय वेळ लिहिते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणून ७:५५ म्हणजे आपले संध्याकाळचे ५:२५. प्रवास १५ तास ५५ मिनिटांचा. परतीचं विमान तिथून दुपारी १२ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:४० ला मुंबईत आलं, तर १२ म्हणजे आपले रात्रीचे ९:३०. प्रवास १४ तास १० मिनिटं.

पण हा साडेनऊचा आकडा पाठ करून ठेवू नका. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. हिवाळ्यात फरक साडेदहा तास धरा. लंडनमार्गे जाणार असाल तर आणखी जपा: तिथलं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून मधल्या काही दिवसांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाच तासांऐवजी चारच असतो. दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्यांनी तारीख बघूनच हिशेब करावा.

आलेले तास गेट ते गेट असतात. धावपट्टीपर्यंतचं रांगणं त्यातच आलं. मध्ये विमान बदलायचं असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा काढा आणि थांबा वेगळा लिहा.

पोहोचण्याच्या वेळेशेजारी '+१' असेल तर तारीख एकानं पुढची. आणि तिकिटावर १२ तारीख, रात्री १:३० असं लिहिलं असेल, तर विमानतळावर ११ च्या रात्रीच हजर व्हायचं आहे. पुण्याहून येणाऱ्यांनी गाडी ११ च्या संध्याकाळची सांगावी, १२ ची नाही.