पवनचक्कीचा टॉवर ‘सैल’ झालाय का, हे कसं तपासावं

आधी कागदावर हिशोब करा. समजा, तीन पात्यांचा रोटर मिनिटाला ९ ते १८ फेरे घेतो. फेऱ्यांना ६० ने भागलं की वन-पी, म्हणजे सेकंदाला होणारे फेरे, मिळतं: ०.१५ ते ०.३० हर्ट्झ. रोटरच्या वजनात असमतोल असेल तर त्याचा धक्का याच गतीने बसतो. शिवाय प्रत्येक पातं टॉवरसमोरून जाताना धक्का देतं. ते थ्री-पी, म्हणजे वन-पीच्या तिप्पट, ०.४५ ते ०.९० हर्ट्झ. टॉवरची नॅचरल फ्रिक्वेन्सी, म्हणजे तो आपसूक ज्या गतीने डोलतो ती, या दोन पट्ट्यांच्या मधे हवी, नाहीतर धक्के आणि डोलणं जुळून थरथर वाढत जाते. दोन्हीकडे १० टक्के जागा सोडली तर उरतात जेमतेम ०.३३ ते ०.४० हर्ट्झ. म्हणून डिझाइनमधल्या आकड्यावर विसंबू नका, मोजा.

वारा सेकंदाला ५ ते ८ मीटर असताना मशीन थांबवा, पाती फेदरला न्या (कड वाऱ्याकडे), यॉ, म्हणजे नॅसेल (टॉवरवरची यंत्रांची खोली) वाऱ्याकडे वळवणारी यंत्रणा, बंद ठेवा. सर्वांत वरच्या प्लॅटफॉर्मपाशी टॉवरच्या भिंतीवर दोन अ‍ॅक्सिलरोमीटर (कंपन मोजणारे सेन्सर) एकमेकांशी काटकोनात घट्ट बसवा. बेअरिंगवर लावतात ते साधे पिझो सेन्सर इथे चालत नाहीत, ०.३ हर्ट्झला ते जवळजवळ आंधळे असतात. सेकंदाला २० नमुने, सलग ३० मिनिटं. तेवढ्या वेळात टॉवरमध्ये कुणी चढायचं-उतरायचं नाही. स्पेक्ट्रमसाठी (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन, हा आलेख) २०० सेकंदांचे तुकडे पाडा, म्हणजे ०.००५ हर्ट्झचा फरक कळतो. नॅसेलची दिशा वहीत लिहायला विसरू नका.

एका मोजणीपेक्षा दोन मोजण्यांतला फरक जास्त बोलतो. नॅचरल फ्रिक्वेन्सी ०.३६ ची ०.३४२ हर्ट्झ झाली तर घट फक्त ५ टक्के वाटते, पण ताठपणा फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने जातो, म्हणजे तो सुमारे १० टक्के घटला. अशा वेळी आधी खाली, पायाकडे बघा. काँक्रीटमध्ये पुरलेली स्टीलची रिंग असेल तर तिच्या कडेला दुधट ओघळ आहेत का? रिंग हलते, फटीत पाणी शिरतं आणि सिमेंटची भुकटी बाहेर येते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या धो-धो पावसाच्या पठारावर मोजणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा करावी. मशीन चालू असताना रिंग आणि काँक्रीट यांमध्ये चार दिशांना डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावा. एकाच दिशेला काटा जास्त नाचला तर जागा सापडली.

मग फ्लँजचे, म्हणजे टॉवरचे भाग जोडणाऱ्या कड्यांचे बोल्ट. एम-३६ (३६ मिलिमीटर जाडीच्या), १०.९ ताकद-ग्रेडच्या बोल्टमध्ये साधारण ५१० किलोन्यूटन ताण अपेक्षित असतो. तो उतरला की जोड उघडझाप करतो, बदलता भार थेट बोल्टवर येतो आणि बोल्ट थकून तुटतो. आटे कोरडे असतील तर टॉर्क पूर्ण भरूनही ताण कमीच राहतो, तेव्हा कंपनीच्या कार्डावर लिहिलेलंच वंगण वापरा. एक नट फिरला तर शेजारचेही तपासा.

फ्रिक्वेन्सी तीच, पण वन-पीची थरथर वाढली असेल तर दोष रोटरमध्ये शोधा. थरथर आडवी असेल तर संशय वजनावर. पुढे-मागे असेल आणि नॅसेलही डावी-उजवी पिळत असेल तर एखाद्या पात्याच्या पिच कोनावर, म्हणजे पातं स्वतःभोवती किती वळवलंय त्यावर. असमतोल घालवायला वजनं लावण्याआधी तिन्ही पात्यांच्या पिचच्या शून्य खुणा जुळवून घ्या. उलट क्रमाने केलंत तर पिचची चूक वजनाखाली झाकली जाते आणि वारा बदलला की थरथर परत येते.