जुन्या एमजीबीच्या डॅशबोर्डवरचे हरवलेले नॉब कसे बसवावेत

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कार आजही ब्रिटनभर धावतात. सुरुवातीच्या गाड्यांत हीटरचा एखादा नॉब हमखास गायब असतो. नवा नॉब सुटे भाग विकणाऱ्यांकडे सहज मिळतो. ब्यूलीच्या ऑटोजंबलमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, चिकाटीने शोधलंत तर जुना अस्सलही हाती लागतो.

आधी बॅटरी सोडवा. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे आहेत. ‘आधी निगेटिव्ह काढा’ हा सल्ला इथे डोळे झाकून पाळू नका. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. पुढे काहींनी ते बदलून घेतलं. तुमच्या गाडीत जे टोक बॉडीला जोडलंय, ते आधी काढायचं.

मग बॉनेट उघडा. नॉब केबलने हलवतो तो इंजिनावरचा हीटरचा व्हॉल्व्ह हाताने फिरतोय का? नॉब जातात ते बहुतेक याच कारणाने: व्हॉल्व्ह किंवा केबल जाम होते, कुणीतरी पक्कड लावून नॉब पिळतो आणि तो तुटतो. केबल मोकळी न करता नवा नॉब बसवलात, तर तोही जाईल.

आता खरं काम. नॉब दांड्यावर अडकतो तो एका बारीक पिनेवर. दांड्यातल्या भोकात इवलीशी स्प्रिंग, तिच्यावर पिन, आणि पिनेचं टोक नॉबच्या बाजूच्या छिद्रात. मला सगळ्यात जास्त छळलं ते या पिनेने. नॉब गेलेला असेल तर पिन आणि स्प्रिंगही बहुधा गेलेली असते, म्हणून विकत घेताना तिन्ही वस्तू मागा. शेजारचा शाबूत नॉब काढून रचना बघून घ्या: छिद्रातून बोथट टोकाच्या खिळ्याने पिन आत दाबायची आणि नॉब सरळ ओढायचा. सुई वापरू नका, ती सटकते आणि डॅशबोर्डच्या काळ्या खरखरीत रंगावर कायमचा ओरखडा उठतो. हे सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. उडालेली स्प्रिंग कार्पेटमध्ये गेली की सापडत नाही.

बसवताना स्प्रिंगला ग्रीसचं बोट लावा, म्हणजे ती भोकात टिकते. वर पिन ठेवून नखाने दाबून धरा आणि छिद्र पिनेच्या रेषेत ठेवून नॉब सरकवा. ‘टक’ असा आवाज आला की बसला. नवे नॉब कधीकधी आतून घट्ट असतात. ठोकू नका, दांडा वाकतो. बारीक पॉलिश पेपरची सुरळी आत फिरवा.

आणि सुपरग्लू? अजिबात नाही. तो दांड्यावरून ओघळून आतल्या फिरत्या भागात जातो आणि पुढच्या वेळी नॉब फोडूनच काढावा लागतो. नॉबला भोक पाडून स्क्रू मारण्याचा सल्लाही तितकाच वाईट, प्लास्टिक चिरतं.

टॉगल स्विचची चकचकीत रिंग हरवली असेल तर काम सोपं आहे: मागून स्विच हाताने धरा, म्हणजे वायरी पिळणार नाहीत, आणि रिंग फिरवा. खाचांत स्क्रूड्रायव्हर घालू नका. जुन्या पितळी नळीच्या तोंडाला कानशीने दोन दात काढले की पाना तयार.

बॅटरी जोडा, नॉब फिरवा आणि दुसऱ्या कुणाला तरी इंजिनावरचा व्हॉल्व्ह हलतोय का ते बघायला सांगा.