खाटेजवळून उठलेल्या माणसासाठी : नागपुरात कलोपचाराचे काम सुरू करणाऱ्यांना

गेली नऊ वर्षे मी नागपुरात गंभीर आजारी रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांसोबत कलोपचाराचे, म्हणजे आर्ट थेरपीचे काम करते आहे. चित्रकलेची पदवी घेतलेली किंवा मानसशास्त्रात एम.ए. करणारी मुले-मुली अधूनमधून भेटायला येतात आणि कोणता कोर्स करावा, हाच बहुधा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याबद्दल मी पुढे लिहिणार आहे. परंतु जी गोष्ट मला कोणी शिकवली नाही आणि जी उमगायला माझी जवळजवळ दोन वर्षे गेली, ती आधी सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. कर्करोगाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णाजवळ रात्रंदिवस बसलेल्या माणसाच्या हातात कागद आणि रंग देणे सोपे असते, पण त्याला खाटेजवळून उठवणे फार कठीण असते.

माझे पहिले सत्र एका रुग्णालयाच्या तळमजल्यावरील खोलीत, शनिवारी सकाळी अकरा वाजता ठेवले होते. वीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि दोघे आले. त्यांपैकी एक बाई शासकीय योजनेचा अर्ज इथे भरून मिळतो असे समजून आल्या होत्या. दुसरे गृहस्थ भंडारा जिल्ह्यातले, त्यांनी दहा मिनिटे खडू नुसता हातात धरला आणि मग उठताना म्हणाले, "ताई, बाप तिकडं तडफडून राहिला अन् मी इथं चित्र काढू काय?" त्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. सकाळचे अकरा म्हणजे डॉक्टरांचा राउंड नुकताच आटोपलेला, चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात पळायचे, तपासणीचे नमुने पोहोचवायचे, कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायच्या, ही सगळी धावपळ त्या माणसाच्या डोक्यावर असते, हे मी विचारातच घेतले नव्हते. त्याहून मोठी चूक अशी की, मनातली अपराधाची भावना हा ताणाचाच एक भाग आहे आणि सत्राची मांडणी त्या भावनेला धरूनच करावी लागते, हे मला कळले नव्हते.

तेव्हापासून मी सत्राची आखणी करताना सर्वांत आधी एकच प्रश्न विचारते, तो म्हणजे या वेळात खाटेजवळ कोण बसेल? वॉर्डात भेटीची वेळ संध्याकाळची असेल, तर गावाहून आलेला भाऊ किंवा वहिनी त्या तासाभरात रुग्णाजवळ असते. म्हणून ती वेळ मला सकाळपेक्षा अधिक सोयीची ठरली. डायलिसिसचे एक सत्र साधारण चार तासांचे असते आणि त्या काळात नातेवाइकाला बाहेरच थांबावे लागते. रेडिओथेरपीमध्ये रुग्ण प्रत्यक्ष यंत्राखाली काही मिनिटेच असतो, परंतु त्याला आठवड्यातून पाच दिवस, बहुतेकदा कित्येक आठवडे यावे लागते, त्यामुळे बाहेरच्या बाकांवर रोज तीच माणसे भेटतात आणि ठरवून जमवता येणार नाही असा गट आपोआप तयार होतो. नवख्या माणसाने वॉर्डाच्या आत शिरण्याची घाई करण्यापेक्षा या बाकांपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. सत्र चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नये, दार उघडे ठेवावे, प्रत्येकाचा मोबाइल समोर टेबलावर असू द्यावा आणि "सिस्टरांनी बोलावले तर लगेच उठा, कागद तसाच राहील," असे सुरुवातीलाच सांगावे. कधीही उठून जाता येईल एवढे कळले, की बहुतेक माणसे शेवटपर्यंत बसतात.

या पद्धतीचा जन्मही रुग्णालयातच झालेला आहे. एड्रियन हिल हे ब्रिटिश चित्रकार क्षयरोगातून बरे होत असताना आरोग्यधामात चित्रे काढत राहिले, इतर रुग्णांनाही त्यांनी त्यात ओढले आणि 1942 मध्ये 'आर्ट थेरपी' हा शब्द वापरला. पुढे अमेरिकेत मार्गारेट नाउमबर्ग यांनी चित्राकडे मनाच्या तळाशी असलेल्या गोष्टींचे माध्यम म्हणून पाहिले, तर एडिथ क्रेमर यांनी चित्र घडवण्याच्या क्रियेतच उपचार आहे असे मांडले. अभ्यासक्रमात या दोन्ही विचारांची ओळख होते. रुग्णालयाच्या बाकावर मला क्रेमर यांची बाजू अधिक उपयोगी पडली आहे, कारण तिथला माणूस आधीच इतके बोलून आणि ऐकून थकलेला असतो की, त्याला आणखी एक मुलाखत नको असते.

नागपूरला उपचारासाठी येणारी माणसे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ येथून आणि मध्य प्रदेशातील बालाघाट, छिंदवाडा येथूनही येतात. कोणी धर्मशाळेत राहतात, कोणी व्हरांड्यातच चटई अंथरतात. त्यांच्यासमोर मोठा पांढरा ड्रॉइंग पेपर ठेवून "मनातल्या भावना काढा" असे म्हणणे म्हणजे परीक्षेला बसवणे आहे. "मले चित्र नाही जमत, शाळा सुटल्यापासून पेन्सिल धरली नाही," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले असेल. म्हणून मी पोस्टकार्डाएवढा कागद देते. तो पाच मिनिटांत भरतो आणि भरल्याचे समाधान मिळते. बायकांच्या हातात ठिपक्यांची रांगोळी उपजत असल्यासारखी असते. कागदावर सात बाय सात ठिपके काढून दिले की, त्या न सांगता रेषा जोडू लागतात, आणि त्यांचा श्वास संथ होत गेलेला शेजारी बसून जाणवतो. पुरुष बहुधा मातीकडे किंवा कागद फाडून चिकटवण्याकडे वळतात. सँड्रा केगिन आणि व्हिया लुसेब्रिंक यांनी 1978 मध्ये मांडलेली माध्यमांची संकल्पना इथे नीट अभ्यासावी. पेन्सिल, खडू यांसारखी कोरडी माध्यमे माणसाच्या ताब्यात राहतात, तर पातळ जलरंग ताबा सैल करतात आणि त्यासोबत दाबून ठेवलेले रडूही वर येऊ शकते. ज्याला वीस मिनिटांनी हसऱ्या चेहऱ्याने रुग्णासमोर जायचे आहे, त्याला पहिल्याच दिवशी जलरंग देणे मला योग्य वाटत नाही.

साहित्याबाबत वैद्यकीय काळजीही घ्यावी लागते आणि ती चित्रकलेच्या वर्गात कोणी शिकवत नाही. केमोथेरपीमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, त्यांच्या नातेवाइकांना शेतातली किंवा कुंडीतली माती देऊ नये, कारण तिच्यात बुरशीचे कण असतात. त्याऐवजी बंद पाकिटातली मॉडेलिंगची माती वापरावी. उग्र वासाचे मार्कर आणि टर्पेंटाइन टाळावे, कारण हातांना किंवा कपड्यांना राहिलेल्या वासानेही मळमळणाऱ्या रुग्णाला त्रास होतो. श्वसनविकाराच्या वॉर्डाजवळ रांगोळीची कोरडी पूड उडवू नये. सत्रानंतर सर्वांनी साबणाने हात धुऊनच वॉर्डात जायचे, हा नियम मी एकदाही मोडू दिलेला नाही. मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, तेलखडू मऊ पडतात आणि कूलरच्या वाऱ्याने कागद उडतात. म्हणून चिमटे आणि पुठ्ठ्याचे पॅड मी कायम सोबत ठेवते.

चित्राचा अर्थ लावण्याचा मोह हा नवशिक्यांचा सर्वांत मोठा धोका आहे आणि त्याबाबत माझा स्वतःचा अनुभव मला सांगितला पाहिजे. यवतमाळकडच्या एका बाईंनी सलग तीन दिवस पूर्ण कागद काळ्या खडूने भरला. नवऱ्याच्या गळ्याच्या कर्करोगावर उपचार सुरू होते. माझ्या मनात नैराश्य, मृत्यूची भीती असे सगळे शब्द तयार होते. चौथ्या दिवशी मी फक्त एवढेच विचारले, "काकू, हे काय आहे?" त्या म्हणाल्या, "वावर आहे आमचं. पेरणीच्या आधीचं." कापसाच्या त्या काळ्या जमिनीत यंदा पेरणी कोण करणार, ही त्यांची खरी काळजी होती. त्यांच्या दिराला फोन लावून देणे, हे त्या दिवशी माझ्या हातून झालेले सर्वांत उपयोगी काम होते. रंगांचे ठरावीक अर्थ सांगणारी तयार कोष्टके मी तेव्हापासून कोणाला वापरू देत नाही.

नागपूरच्या माणसाला दुखणे बाहेर काढण्याची एक रीत जन्मापासून ठाऊक असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्या, मिरवणुकीने निघतात, सोबत नकोशा गोष्टींचे बडगे, म्हणजे पुतळे, असतात आणि "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी सगळ्या रस्त्यांवरून घुमते. एका वर्षी त्याच आठवड्यात मी गटाला जुनी वर्तमानपत्रे, सुतळी आणि काड्या दिल्या आणि प्रत्येकाने आपला वीतभर बडगा करावा, असे सुचवले. कोणी त्याला रिपोर्टच्या चिठ्ठ्यांचे कपडे घातले, कोणी कर्जाचा बडगा केला, एका तरुण मुलीने 'झोप न येणे' असे त्याच्या पोटावर लिहिले. त्या दिवशी गट प्रथमच एकमेकांशी मोकळेपणाने बोलला. आईचा, बायकोचा राग येतो हे वाक्य उच्चारायला त्यांना तो कागदाचा पुतळा पुरला. शेवटी बडग्याचे काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवले. रुग्णालयाच्या आवारात जाळण्याची परवानगी नव्हतीच, तेव्हा बहुतेकांनी तो फाडून टोपलीत टाकला आणि दोघांनी घरी नेला. परक्या पुस्तकातला एखादा उपक्रम जसाच्या तसा आणण्यापेक्षा माणसाच्या अंगवळणी असलेली रीत शोधणे किती फलदायी असते, हे मला त्या दुपारी समजले.

संशोधनाबद्दल बोलताना संयम ठेवावा. गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 39 प्रौढांनी 45 मिनिटे कलाकृती केल्यावर सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणावाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण कमी झालेले आढळले आणि चित्रकलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. हा अभ्यास निरोगी लोकांवरचा, छोटा आणि एकाच बैठकीचा आहे, हे रुग्णालयाच्या प्रमुखांसमोर मांडताना मी स्वतःहून सांगते. त्यामुळे विश्वास वाढतो असा माझा अनुभव आहे. आपल्या कामाची नोंद ठेवण्यासाठी झारिट यांची शुश्रूषाभार मोजणारी प्रश्नावली उपयोगी पडते. तिच्यात 22 प्रश्न असतात आणि गुण 0 ते 88 या दरम्यान येतात. मात्र ती पहिल्या भेटीत पुढे करू नये, कारण "तुमच्या आप्ताचा तुम्हाला भार वाटतो का" हा प्रश्न अनोळखी माणसाने विचारला, तर आपल्याकडे तो अपमान वाटतो.

आता शिक्षणाबद्दल. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' ही कायद्याने संरक्षित उपाधी आहे आणि नोंदणीशिवाय ती लावता येत नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण त्या परिषदेच्या वर्गवारीत कलोपचारक हा स्वतंत्र वर्ग नाही. त्यामुळे दोन दिवसांच्या कार्यशाळेपासून पदव्युत्तर अभ्यासक्रमापर्यंत सर्व काही एकाच नावाने विकले जाते. अभ्यासक्रम निवडताना देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णालयात किती तास काम करायला मिळते, हे विचारावे आणि ज्याचे उत्तर शून्य असेल तो सोडून द्यावा. चित्रकलेची पार्श्वभूमी असणाऱ्याने समुपदेशन शिकावे. मानसशास्त्रातून आलेल्याने वर्षभर स्वतः नियमित चित्रे काढावीत. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटावे, कारण नातेवाइकांच्या अडचणी त्यांना सर्वाधिक ठाऊक असतात. उत्पन्नाबद्दलही स्पष्ट सांगते. पहिली चार वर्षे मी सकाळी शाळेत कला शिकवून घर चालवले आणि आजही माझे सर्व उत्पन्न या कामातून येत नाही.

आपली मर्यादा ओळखणे हा या कामाचा कणा आहे. एखादा माणूस जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागला, अनेक रात्री झोपला नाही किंवा रुग्णासोबत स्वतःलाही संपवण्याचे बोलला, तर खडू बाजूला ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. तोपर्यंत त्याला एकटे सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक मी प्रत्येकाच्या कागदाच्या मागे लिहून देते. स्वतःसाठीही महिन्यातून एकदा अनुभवी समुपदेशकाशी बोलण्याची सोय करून ठेवावी. मी ती तीन वर्षे टाळली आणि एका पावसाळ्यात रुग्णालयाच्या फाटकातून आत पाऊलच पडेना, तेव्हा सुरू केली.

चित्रे ज्याची त्याची असतात. प्रदर्शनात लावणे, मोबाइलवर फोटो काढून गटांत पाठवणे, कार्यक्रमात दाखवणे, यांपैकी काहीही लेखी परवानगीशिवाय करू नये. मी प्रत्येकाची पुठ्ठ्याची फाइल करते. सुरुवातीला तिच्यावर वॉर्ड आणि खाट क्रमांक लिहीत असे, कारण शोधायला सोपे जाई. वॉर्डात या माणसांना दिवसभर "बारा नंबरचे नातेवाईक कोण आहेत?" अशीच हाक मारली जाते. मग गडचिरोलीकडचा एक मुलगा, वडील गेल्यानंतर दोन महिन्यांनी, फाइल मागायला आला. बारा नंबरवर तोवर दुसरे रुग्ण येऊन गेले होते आणि त्या क्रमांकाच्या तीन फाइली कपाटात होत्या. त्याला त्या तिन्ही उघडून, दुसऱ्यांची चित्रे पाहून आपली ओळखावी लागली. त्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, शर्टाच्या आत धरली आणि पावसातच बसस्थानकाकडे निघाला. त्या संध्याकाळी मी कपाटातल्या सगळ्या फाइली बाहेर काढल्या आणि प्रत्येकीवर नातेवाइकाचे स्वतःचे नाव लिहिले.